पाचवीचा बाक आणि नवे सोबती

पाचवी ते आठवी या चार वर्षांत मुलाचे मित्र बदलतात, मैत्रीचा अर्थ बदलतो आणि खानदेशात बहुतेकदा शाळाही बदलते. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या खेड्यांत जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा ही ‘मराठी शाळा’ आणि पुढची, शेजारच्या मोठ्या गावातली किंवा तालुक्याची, ती ‘हायस्कूल’. मराठी शाळेत वीस-पंचवीस मुलांचा वर्ग. त्यातली निम्मी एका गल्लीतली, उरलेली भाऊबंदकीतली. तिथे मैत्री करावी लागत नाही, ती चालत आलेली असते. हायस्कुलात एकेका इयत्तेच्या दोन-तीन तुकड्या, भरगच्च वर्ग आणि दहा-बारा गावांहून आलेले चेहरे. दहा-अकरा वर्षांचे मूल हा सगळा पल्ला एका जून महिन्यात ओलांडते. घरात त्या वेळी चर्चा चालते ती गणवेशाची, वह्यांची, सायकलीची आणि सेमी इंग्रजीला टाकायचे की नाही याची. त्या वर्गात आपल्या ओळखीचे कोण असेल, हा मुलाच्या मनातला पहिला प्रश्न मोठ्यांच्या यादीत सहसा नसतो.

शाळा नेमकी कधी बदलावी लागते, हे गावागणिक वेगळे असते. महाराष्ट्रात पूर्वापार पहिली ते चौथी प्राथमिक आणि पाचवीपासून हायस्कूल अशी विभागणी रुळली होती. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते आठवी हे एकसंध प्राथमिक शिक्षण मानले. त्यात पाचवीपर्यंतचा एक टप्पा आणि सहावी ते आठवी हा दुसरा. त्यानंतर जिल्हा परिषदेच्या काही शाळांना पाचवीचे, काहींना आठवीचे वर्ग जोडले गेले. पण जुनी हायस्कुले पाचवीपासूनच भरत राहिली. त्यामुळे आज कुणी पाचवीत गाव सोडतो, कुणी सहावीत, कुणी आठवीत. एकाच गल्लीतली दोन मुले दोन वेगळ्या वर्षी दोन वेगळ्या शाळांत जातात आणि लहानपणापासूनची जोडी तिथे तुटते. या तुटण्याचा परिणाम अमेरिकेत रोबर्टा सिमन्स आणि डेल ब्लाइथ यांनी बारकाईने तपासला होता. त्यांचे पुस्तक १९८७ साली आले. आठवीपर्यंत एकाच शाळेत राहिलेल्या मुलांच्या तुलनेत, मध्येच मोठ्या शाळेत जावे लागलेल्या मुलांना, विशेषतः मुलींना, हा बदल जास्त जड गेला; स्वतःबद्दलचे त्यांचे मत खालावले. वयात येणे आणि शाळा बदलणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी अंगावर आल्या की ओझे दुप्पट होते, हा त्यांच्या कामाचा गाभा. त्या दृष्टीने गावातच आठवीपर्यंतचा वर्ग असणे ही खर्चाच्या हिशेबात न दिसणारी मोठी सोय आहे.

या वयात मैत्रीकडून मुलाची अपेक्षाही वेगळी होते. सात-आठ वर्षांच्या मुलाला मित्र म्हणजे खेळायला लागणारा गडी. विटीदांडूला एक कमी पडला की जो येईल तो मित्र. दहा-अकराच्या पुढे हे पुरत नाही. कुणाला काय आवडते, कुणाला कशाची लाज वाटते, घरात काल काय झाले, हे सांगायला एखादा माणूस हवा असतो आणि त्याने ते दुसऱ्याला सांगू नये अशीही अट असते. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ हॅरी स्टॅक सलिव्हन यांचे याविषयीचे विवेचन त्यांच्या निधनानंतर १९५३ मध्ये प्रसिद्ध झाले. पौगंडावस्थेच्या तोंडावर जमलेल्या एका जिवलग सोबत्यामुळे मूल प्रथमच दुसऱ्याचे सुख स्वतःच्या सुखाइतके महत्त्वाचे मानायला शिकते, असे त्यांचे म्हणणे होते. पुढच्या सगळ्या जवळच्या नात्यांची तालीम तिथे होते. याच सुमारास मुलाला आणखी एक गोष्ट छळू लागते. सगळे आपल्याकडेच बघत आहेत असे त्याला वाटत राहते. डेव्हिड एल्काइंड यांनी १९६७ मध्ये त्याला काल्पनिक प्रेक्षकवर्ग म्हटले. आखूड झालेली पँट, तेल चोपडून चापून बसवलेले केस, वर्गात चुकलेला एक शब्द, या गोष्टी आईबापांना क्षुल्लक वाटतात. त्या मुलाला मात्र साऱ्या वर्गाची नजर तिथेच खिळलेली दिसते. म्हणजे मित्राची गरज सर्वांत जास्त असताना संकोचही सर्वांत जास्त असतो.

मग मैत्री जमते कशी? लोक म्हणतात, स्वभाव जुळले की. अभ्यास वेगळे सांगतात. लिऑन फेस्टिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका अमेरिकन विद्यापीठाच्या वसाहतीत कोणाची मैत्री कोणाशी झाली हे पाहिले. त्यांचे निष्कर्ष १९५० मध्ये प्रसिद्ध झाले. शेजारच्या दारातल्या, जिन्याजवळच्या माणसांशी मैत्री जास्त झाली होती. आवडीनिवडी त्या मानाने मागे पडल्या. १९७४ मध्ये मॅडी सीगल यांनी मेरीलँडच्या पोलीस प्रशिक्षण संस्थेत तेच वेगळ्या तऱ्हेने दाखवले. तिथे प्रशिक्षणार्थींच्या खोल्या आणि जागा आडनावाच्या आद्याक्षरांप्रमाणे ठरत. मित्र कोण, असे विचारल्यावर बहुतेकांनी वर्णक्रमात जवळ असलेल्यांचीच नावे दिली. आपल्याकडचा हजेरीपट हेच काम करतो. रोल नंबरप्रमाणे बसवलेल्या वर्गात पाटलाशेजारी पाटील आणि पवाराशेजारी पावरा बसतो आणि वर्षाअखेर त्यांचीच गट्टी दिसते. खानदेशात पाटील आडनावाची मुले वर्गात इतकी असतात की कधी कधी सबंध रांगच पाटलांची होते. आडनाव आणि जात यांचा आपल्याकडचा संबंध लक्षात घेतला, तर हजेरीपटाच्या क्रमाने बसवणे हे दिसते तितके तटस्थ नाही, हे शिक्षकांनी ओळखायला हवे. दर महिन्याला बाक बदलणारा वर्गशिक्षक नकळत मोठे काम करत असतो.

जवळ असण्याला वेळेचीही जोड लागते. कॅन्ससचे प्राध्यापक जेफ्री हॉल यांनी प्रौढांवर केलेल्या अभ्यासात साध्या ओळखीतून मैत्री व्हायला सुमारे ५० तास आणि जिवलग मैत्री व्हायला २०० तासांहून अधिक सहवास लागतो असा अंदाज निघाला. मुलांचे गणित तंतोतंत असेच असेल असे नाही, पण हिशेब करून पाहण्याजोगा आहे. सहावी ते आठवीसाठी कायद्याने वर्षाला किमान २२० दिवस शाळा भरावी लागते. मधली सुट्टी अर्ध्या तासाची धरली तर वर्षभरात ११० तास होतात, तेही एकही दिवस दांडी न मारता. तास चालू असताना बोलायची सोय नाही. उरतो तो शाळेबाहेरचा वेळ आणि तिथेच शहरातल्या आणि खेड्यावरच्या मुलांच्या वाटा वेगळ्या होतात.

खेड्यावरून येणाऱ्या मुलाचा दिवस एसटीच्या वेळापत्रकावर चालतो. खानदेशात याला सरळ ‘अप-डाउन’ म्हणतात. सकाळची गाडी शाळा भरण्याच्या तासभर आधी तालुक्याला सोडते, संध्याकाळची गाडी शाळा सुटताच पकडावी लागते. शाळा सुटल्यावर मैदानावर होणारा कबड्डीचा सराव, नाटकाची तालीम, एखाद्याच्या घरी जाऊन पाहिलेली मॅच, वाढदिवसाचा केक, या सगळ्याला अप-डाउनवाला मुकतो. शहरातली मुले त्याला वाईट वागवतात असे नाही. तो फक्त तिथे नसतो आणि नसलेल्याची आठवण कोणाला येत नाही. मात्र तीच एसटी त्याला दुसरे काहीतरी देते. स्टँडवरची वाट पाहणे, पंक्चर झालेली गाडी, खिडकीतून टाकलेल्या रुमालाने धरलेली जागा, पुढच्या गावी चढणाऱ्यासाठी राखलेला कोपरा, यात रोजचे दोन तास जातात आणि त्यात वर्गाच्या, तुकडीच्या, कधी शाळेच्याही भिंती ओलांडून मैत्र्या जमतात. आठवीतला मोठा मुलगा पाचवीतल्या नवख्याचे दप्तर मांडीवर घेतो, हे दृश्य जळगाव किंवा धुळे विभागाच्या कोणत्याही सकाळच्या गाडीत दिसेल. विद्यार्थ्यांना एक-तृतीयांश भाड्यात पास मिळतो. अहिल्याबाई होळकर योजनेत ग्रामीण मुलींचा पास मोफत आहे आणि मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बस तर मुलींसाठीच धावतात. या योजनांचे मोजमाप नेहमी गळती किती कमी झाली यावर होते. मुलींना आपापसात बोलायला रोज एक सुरक्षित तास मिळाला, ही त्यांची दुसरी कमाई कोणत्याही अहवालात येत नाही.

वर्गाच्या आत तुकडी ही सर्वांत मोठी भिंत. गेल्या दोन दशकांत बहुतेक हायस्कुलांत एक तुकडी सेमी इंग्रजीची झाली, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. कागदावर हा माध्यमाचा फरक आहे; मुलांच्या नजरेत ती हुशारांची तुकडी आणि बाकीची उरलेल्यांची. ‘तू सेमीचा का?’ हा पाचवीतल्या ओळखीचा पहिला प्रश्न असतो. एकाच गावाहून आलेली दोन मुले वेगळ्या तुकड्यांत पडली की मधल्या सुट्टीतला डबाही हळूहळू वेगळा होतो. सेमी असावे की नसावे हा वेगळा वाद आहे. पण सहल, खेळ, स्नेहसंमेलन आणि परिपाठ इथे तुकड्यांची सरमिसळ करायला शाळेला एक रुपयाही लागत नाही, तरी ती क्वचितच होते.

दुसरी भिंत बोलीची. दोन्ही जिल्ह्यांत घराघरांत अहिराणी बोलली जाते. २०११ च्या जनगणनेत साडेअठरा लाखांहून अधिक लोकांनी आपली मातृभाषा खानदेशी किंवा अहिराणी नोंदवली आणि मराठी अशी नोंद करणाऱ्यांतही अहिराणी बोलणारे थोडेथोडके नसणार. यावल-रावेर पट्ट्यात लेवा बोली आहे, ज्या बोलीत बहिणाबाई चौधरींची कविता उगवली. सातपुड्याच्या पायथ्याशी चोपडा आणि शिरपूर भागात पावरी आणि भिली, साक्रीच्या पश्चिमेला कोकणी, भुसावळच्या रेल्वे वसाहतीत हिंदीपासून तेलुगूपर्यंत सगळे काही. मराठी शाळेतला गुरुजी बहुधा याच बोलीत समजावून सांगतो. हायस्कुलात प्रमाण मराठीचा दंडक येतो. उभे राहून उत्तर देताना एखाद्याच्या तोंडून ‘शे’ निसटते आणि वर्ग हसतो. हसणाऱ्यांतले निम्मे स्वतः घरी तेच बोलत असतात, म्हणूनच ते जास्त मोठ्याने हसतात. हसे झालेले मूल पुढचे कित्येक आठवडे हात वर करत नाही. बोलले नाही की ओळख होत नाही, ओळख नाही म्हणून आणखी बोलत नाही. पावरी बोलणाऱ्या मुलाचे तर प्रमाण मराठीशीही अंतर आहे आणि अहिराणीशीही. अलीकडे यूट्यूबवरच्या अहिराणी गाण्यांनी या बोलीला लग्नाच्या वरातीत आणि मोबाइलच्या रिंगटोनमध्ये मान मिळवून दिला आहे. वर्गात मात्र तो अजून पूर्णपणे पोहोचलेला नाही. सांगवीसारख्या खेड्यातून पुण्याला गेलेल्या तरुणाचे उपरेपण भालचंद्र नेमाड्यांच्या ‘कोसला’मुळे १९६३ पासून मराठी वाचकांच्या ओळखीचे आहे. नेमाडे स्वतः यावल तालुक्यातल्या सांगवीचे. कादंबरीत ते कॉलेजच्या वयात येते. खानदेशातल्या अनेक मुलांच्या वाट्याला ते दहाव्या-अकराव्या वर्षीच, वीस किलोमीटरवरच्या तालुक्याच्या गावात येते.

उपऱ्या मुलांना आपलेसे करण्याचा महाराष्ट्रातला कदाचित सर्वांत प्रसिद्ध प्रयोगही याच मातीत झाला. १९२४ मध्ये पांडुरंग सदाशिव साने अमळनेरच्या हायस्कुलात शिक्षक म्हणून आले. आज ते प्रताप हायस्कूल म्हणून ओळखले जाते. वर्गावर शिकवण्याबरोबर शाळेच्या छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. आसपासच्या खेड्यांतून आलेली ही मुले आईपासून प्रथमच लांब राहत होती. साने गुरुजींना हे लांब राहणे स्वतःच्या अनुभवाने माहीत होते. पालगडहून दापोली, तिथून औंध, मग पुणे, अशी त्यांची शाळा परक्या गावांत आणि हलाखीत झाली होती. छात्रालयात त्यांनी उपदेशापेक्षा हातांनी काम केले. मुलांच्या अस्ताव्यस्त खोल्या ते झाडून ठेवत, आजारी मुलाच्या उशाशी बसत. याहून आपल्या विषयाला जवळची गोष्ट म्हणजे त्यांनी तिथे चालवलेले हस्तलिखित ‘छात्रालय दैनिक’. पुढे १९२८ मध्ये ‘विद्यार्थी’ हे मासिकही निघाले. रोज हाताने लिहिलेले पान भिंतीवर लागते, त्यात छात्रालयातल्याच घडामोडी असतात आणि सगळी मुले एकाच वेळी तेच वाचतात. चार-दोन गावांहून आलेल्या मुलांना ‘आपण’ म्हणण्याजोगे काहीतरी त्यातून तयार झाले. १९३० मध्ये गुरुजी कायदेभंगाच्या चळवळीत उतरले आणि शाळा सोडली. इतक्या थोड्या वर्षांत त्यांच्याभोवती मुले जमली. त्यांच्या ‘धडपडणारी मुले’ या कादंबरीमागे याच छात्रालयाचा अनुभव आहे. गुरुजींचे डोळे पाणावण्यावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले, काहींनी त्याची चेष्टाही केली. त्यांच्या कामातली व्यवस्था त्या मानाने दुर्लक्षित राहिली. रोजचे एकत्र वाचन, वाटून घेतलेली कामे आणि प्रत्येक मुलावर कोणाची तरी नजर, ही ती व्यवस्था.

वसतिगृहांची दुसरी परंपरा जातवार बोर्डिंगांची. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले. मग एकेका समाजाची वसतिगृहे निघत गेली आणि ती लाट खानदेशातही आली. जळगावचे लेवा बोर्डिंग आजही त्या नावाने सर्वांना ठाऊक आहे. खेड्यातल्या मुलाला शहरात पाय ठेवायला जागा आणि ओळखीची भाषा या बोर्डिंगांनी दिली, शिक्षण शक्य केले. त्याच वेळी मैत्रीचे वर्तुळ जातीच्या आत आखले गेले, हेही खरे. दोन्ही परिणाम एकाच व्यवस्थेचे आहेत.

आज निवासी शाळांत सर्वांत मोठी संख्या आदिवासी आश्रमशाळांतल्या मुलांची आहे. जळगावसाठी यावलचा आणि धुळ्यासाठी धुळ्याचा एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प त्यांचे काम पाहतो. तिथे मुलांना सोबती आपल्याच बोलीचे मिळतात; पण घर फार लहानपणी सुटते आणि मोठ्या बहिणी-भावांची जागा मैत्रीला भरून काढावी लागते. भुसावळजवळच्या साकेगावच्या जवाहर नवोदय विद्यालयाची रचना वेगळी. तिथे जिल्हाभरातून निवडलेली मुले सहावीपासून एकत्र राहतात, त्यात ग्रामीण मुलांसाठी किमान ७५ टक्के जागा असतात आणि सगळीच एकाच दिवशी नवखी असतात. सगळेच नवे असणे ही मोठी सोय असते. कठीण जाते ते सातवीत मध्येच दाखल झालेल्या एकट्या मुलाला. तोपर्यंत बाकांच्या जोड्या ठरलेल्या असतात.

मुलींच्या मैत्रीला वेगळे कुंपण असते. सहावी-सातवीपासून मुलगे आणि मुली वर्गात दोन बाजूंना बसतात, एकमेकांशी बोलणे जवळपास बंद होते. मुलगे मैदान, जळगावच्या मेहरूण तलावाचा काठ, चौकातला कट्टा यांवर हक्क सांगतात. मुलीला शाळेतून थेट घरी यायचे असते; मैत्रिणीकडे जायचे तर कारण लागते, सोबत लागते. या बंधनात खानदेशाने मुलींना एक हक्काची जागा दिली होती, ती गुलाबाईची. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर संध्याकाळी मुली गुलाबाई मांडतात, घरोघर जातात, टिपऱ्यांच्या तालावर गाणी म्हणतात आणि शेवटी झाकलेला डबा हलवून आतला खाऊ ओळखायला लावतात. भुलाबाई या नावाने हाच खेळ विदर्भातही चालतो. रोज वेगळे घर, रोज त्या घरची मुलगी यजमान आणि गटात वयाची अट नाही. पाचवीत वेगवेगळ्या शाळांत विखुरलेल्या मैत्रिणी नव्या वर्षाच्या तिसऱ्या-चौथ्या महिन्यात पुन्हा रोज भेटतात, हे त्यातले आपसूक साधलेले शहाणपण. शहरांत गुलाबाई आता बरीचशी स्पर्धा आणि महोत्सवांच्या व्यासपीठावर गेली आहे. व्यासपीठावरची गुलाबाई देखणी असते, पण तिथे निवडलेल्या मुली नाचतात. गल्लीत सगळ्या नाचत.

दिवाळीनंतर वर्गातले काही बाक रिकामे होतात. कपाशीची वेचणी जोरात असते तेव्हा मुली घरच्या कामाला थांबतात. चाळीसगाव भागातली कुटुंबे ऊसतोडीला जातात, साक्री आणि शिरपूरच्या पाड्यांवरून लोक गुजरातेत मजुरीला उतरतात आणि मुले बरोबर नेतात किंवा आजीकडे ठेवतात. परत आलेल्या मुलाचा बुडालेला अभ्यास भरून काढायची निदान चर्चा होते. त्याच्या जोडीदाराने मधल्या चार महिन्यांत दुसरा जोडीदार केलेला असतो, त्यावर उपाय कोणी सुचवत नाही. परतलेल्या मुलाला त्याच्या जुन्याच बाकावर बसवणे इतका तो साधा आहे.

गट जमला की गटाबाहेरचेही ठरतात. अकरा-बारा वर्षांच्या मुलांमध्ये हे किती वेगाने होते, याचे सर्वांत गाजलेले उदाहरण मुझफ्फर शेरीफ यांच्या १९५४ च्या प्रयोगाचे. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात उन्हाळी शिबिराला आलेल्या २२ मुलांचे त्यांनी दोन गट केले. स्पर्धा सुरू होताच काही दिवसांत शिवीगाळ, झेंडे जाळणे आणि रात्रीचे छापे इथवर मजल गेली. मग दोन्ही गटांना एकत्र जेवायला बसवले, सिनेमा दाखवला. भांडण मिटले नाही, उलट जेवणाची फेकाफेक झाली. मुले जवळ आली ती पाण्याची टाकी बंद पडल्यावर आणि बिघडलेला ट्रक सगळ्यांनी मिळून दोरीने ओढल्यावर. प्रयोगकर्त्यांनी मुलांना मुद्दाम चिथावल्याची टीका पुढे झाली आणि ती रास्त आहे. तरी शेवटचा भाग आपल्या शाळांना उपयोगी आहे. शालेय पोषण आहाराची खिचडी आठवीपर्यंतची मुले एका ओळीत बसून खातात, ही भारतीय समाजात लहान गोष्ट नाही. पण शेजारी बसून खाल्ले म्हणजे मने जुळतात असे समजणे भोळेपणाचे. शाळेची परसबाग दोन तुकड्यांनी मिळून लावली, पद्मालय किंवा पाटणादेवीच्या सहलीत डब्यांचा हिशेब आणि मुलांची मोजणी मिश्र गटांकडे दिली, तर काम अडल्यावर बोलावेच लागते.

अभ्यासातही हे साधते. १९७१ मध्ये टेक्सासच्या ऑस्टिन शहरात गोऱ्या, काळ्या आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांना एका वर्गात आणल्यावर तणाव वाढला, तेव्हा एलियट अ‍ॅरनसन यांनी एक पद्धत बसवली. धड्याचे पाच-सहा तुकडे करायचे, गटातल्या प्रत्येकाला एकच द्यायचा आणि त्याने तो इतरांना शिकवायचा. सातवीच्या इतिहासातला शिवकाळ असा वाटला, की आरमाराचा भाग ज्याच्याकडे आहे त्याचे ऐकल्याशिवाय इतरांचे उत्तर पूर्ण होत नाही, मग तो पावरी उच्चारात सांगो की अहिराणीत. ज्याला कोणी विचारत नव्हते त्याच्याकडे आता वळावे लागते.

याहून स्वस्त उपाय २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सापडतो. जेफ्री बोरमन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये सहावीतल्या तेराशेहून अधिक मुलांकडून वर्षाच्या सुरुवातीला दोन छोटे लेखनपाठ करून घेतले. मुलांनी आधी वरच्या वर्गातल्यांचे अनुभव वाचले: नव्या शाळेत आम्हालाही परके वाटले होते, ते काही महिन्यांत ओसरले. मग स्वतःबद्दल लिहिले. त्या वर्षात या मुलांची गैरहजेरी आणि नापास होणे इतरांपेक्षा कमी राहिले. एखाद्या हायस्कुलात हे करायला जूनचा एक तास, आठवीतली चार बोलकी मुले आणि वही एवढेच लागेल. त्या चौघांतले दोघे अप-डाउनवाले असावेत.

घरच्यांचा गैरसमज बहुतेकदा संख्येबद्दल असतो. ‘याला मित्रच नाहीत’ म्हणून काळजी करणाऱ्या आईबापांनी एखादा तरी आहे का, हे आधी पाहावे. कॅनडात चौथी-पाचवीच्या मुलांवर झालेल्या आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एक जिवलग मित्र असलेल्या मुलांवर दादागिरीचा परिणाम कमी दिसला. अबोल मुलाला दहा जणांत ढकलण्यापेक्षा त्या एका मित्राला रविवारी घरी बोलावणे, हिवाळ्यात शेतातल्या भरीत पार्टीला त्याच्या घरच्यांनाही सांगणे जास्त उपयोगाचे. खेड्यावरच्या मुलाला महिन्यातून एखादा शनिवार शहरातल्या मित्राकडे मुक्कामी राहू दिले तर त्याची अप-डाउनची उणीव बरीच भरून निघते. वर्गाचे व्हॉट्सॲप ग्रुप करोनाच्या काळात अभ्यासासाठी निघाले आणि आता बापाच्या मोबाइलवर मुलांची मधली सुट्टी झाले आहेत. ज्याच्या घरी एकच फोन आहे आणि तो दिवसभर शेतात असतो, त्याला दुसऱ्या दिवशी वर्गातला विनोद कळत नाही.

रोजची कट्टी-बट्टी हा या वयाचा भाग आहे. तिच्यात मोठ्यांनी पडू नये. एकाच मुलाला अनेकांनी, पुन्हा पुन्हा, त्याला प्रतिकार करता येणार नाही अशा तऱ्हेने छळणे ही दादागिरी, आणि जातीवरून, रंगावरून किंवा बोलीवरून पाडलेले टोपणनाव तिच्यातच मोडते. तिथे ‘दुर्लक्ष कर’ हा सल्ला मुलाला एकटे पाडतो. शाळेच्या दिवशीच सकाळी पोट दुखणे, डबा तसाच परत येणे, एकुलत्या मित्राचे नाव अचानक बोलण्यातून जाणे, असे दोन-तीन आठवडे चालले तर वर्गशिक्षकांना भेटावे. वर्गातली मुले आणि एसटीतली मुले वेगळी असतात, म्हणून दोन्हीकडची चौकशी करावी. मुलांसाठी चाइल्डलाइनचा क्रमांक १०९८ आहे आणि मानसिक आरोग्यासाठी सरकारच्या टेलिमानसचा १४४१६. दोन्ही मोफत आहेत, चोवीस तास चालतात आणि मराठीत बोलता येते.